हजार नंबरच्या दगडावर थांबा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा: भाऊ जपानहून येताना २१० मिलीमीटर पात्याची, व्हीजी-१० नावाच्या कठीण जपानी पोलादाची सुरी घेऊन आला. वर्षभरात ती बोथट झाली, टोकाकडे दोन बारीक टवके उडाले. घरात याशिवाय स्टीलच्या दोन साध्या सुऱ्या आणि आईची विळी आहे. बजेट साडेतीन हजार. बाजारात १०००/६००० चा जोडदगड, हिऱ्याचे कण बसवलेली डायमंड प्लेट, साधा काळा दगड, धारेवरून शेवटचा हात फिरवायचा चामड्याचा पट्टा, त्याला लावायची पॉलिशची हिरवी वडी असं सगळं दिसतं. त्यातलं नेमकं काय घ्यावं? आई माळकरी, ओट्यावर चामडं नको म्हणते. आणि खाली सायकलवर येणाऱ्या धारवाल्याला ही सुरी द्यावी का?

उत्तर आधी देऊन टाकतो. हजार नंबरचा एक चांगला वॉटर स्टोन, म्हणजे पाण्यावर चालणारा जपानी पद्धतीचा दगड, घ्या (नंबर जितका मोठा तितका दगडाचा कण बारीक), मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारातून कार्बोरंडमचा, म्हणजे तो साधा काळा, एक दगड आणा, आणि पट्ट्याऐवजी लाकडाची एक सपाट फळी तयार करा. सहा हजार नंबरचा दगड या वर्षी घेऊ नका. कदाचित कधीच लागणार नाही.

हे सांगणारा मी कोण, तर आयटीआयचा फिटर. भांडुपच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली, आणि कारखाना बंद झाल्यावर केटररच्या, हॉटेलांच्या, मासळीवाल्यांच्या सुऱ्यांना धार लावायचं काम धरलं. टूलरूममध्ये डायला, म्हणजे पोलादी साच्यांना, आरशासारखं पॉलिश करायची सवय होती. तोच आरसा मी सुरुवातीला प्रत्येक सुरीवर आणायचो. दादरच्या मासळी बाजारातल्या एका मावशींच्या दोन सुऱ्या मी आठ हजार नंबरपर्यंत नेल्या होत्या. पात्यात तोंड दिसत होतं. चौथ्या दिवशी त्या परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "चकाकतंय लय, पन कातडीवर घसरतंय." मी त्यांच्यासमोरच त्या पुन्हा खालच्या दगडावर चार वेळा ओढल्या. सुरमईच्या कातडीवर लगेच दात बसला. त्या दिवसापासून माझं वरच्या नंबरांचं वेड उतरलं.

कारण साधं आहे. दगडाने धारेवर बारीक दाते उरतात, डोळ्यांना न दिसणारे. टोमॅटोची साल, ढोबळी मिरची, वांगं, माशाची कातडी या गोष्टी सुरी ओढताना त्या दात्यांनी फाटतात. दाते जितके घासून गुळगुळीत कराल तितकी सुरी दाबून कापायला बरी होईल आणि ओढून कापायला घसरेल. सुतार रंध्याचं पातं आठ हजारपर्यंत नेतो, ते त्याच्या कामाला योग्य आहे. लाकडावरून पातं एका रेषेत ढकलायचं असतं. भाजी कापताना हात मागे-पुढे जातो.

पण सहा हजारला मी नाही म्हणतो त्याचं खरं कारण वेगळं आहे. बहुतेकांची सुरी बोथट राहते ती वरचा दगड नसतो म्हणून नाही, खालच्या दगडावरचं काम अर्धवट सोडलेलं असतं म्हणून. पात्याच्या दोन्ही बाजू घासत घासत एका रेषेत येऊन मिळाल्या की धार होते. त्या मिळाल्या नाहीत तर तुम्ही दहा हजारच्या दगडावर बसा, बोथटपणालाच पॉलिश होईल. मिळाल्या हे कळतं कसं? घासलेल्या बाजूच्या उलट बाजूला पोलादाची एक अतिशय पातळ पत्री दुमडून उभी राहते. वर्कशॉपमध्ये आम्ही तिला बर म्हणतो. अंगठा पाठीकडून धारेकडे, म्हणजे धारेच्या बाहेर, हलकेच सरकवला की ती नखाला अडकते. टाचेपासून, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या कोपऱ्यापासून, टोकापर्यंत, सलग, कुठेही न तुटता बर आली पाहिजे. टोकाकडच्या दोन सेंटिमीटरवर ती बहुधा आलेलीच नसते, कारण तिथे पातं वळतं आणि हात वळत नाही.

आता नंबरांचा घोळ, कारण खरेदीत लोक इथेच फसतात. दगडावरचा हजार, कागदावरचा हजार आणि ग्राइंडिंग व्हीलवरचा हजार हे तीन वेगळे हजार आहेत. जपानी दगडांवरचा नंबर जपानी मानकाचा. त्यातला १००० म्हणजे साधारण ११ ते १५ मायक्रॉनचा कण (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). पॉलिशवाले वापरतात त्या वॉटर पेपरवर आकड्याआधी 'पी' असतो. पी १००० चा कण १८ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जाडा. जपानी हजारच्या जवळ जायला पी २००० घ्यावा लागतो, तो सुमारे १० मायक्रॉनचा. उलट ग्राइंडिंग व्हीलला लावतात त्या युरोपियन मानकाचा 'एफ १०००' दगडावर लिहिला असेल तर त्याचा कण साडेचार मायक्रॉनचा, जपानी हिशेबाने तीन हजारच्या घरातला. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरा, म्हणजे अंदाज येईल. आणि ज्या स्वस्त दगडावर नुसताच '३०००' छापलंय, कुठल्या मानकाचा ते नाही, त्या आकड्याला रंगापेक्षा जास्त किंमत देऊ नका.

यातून एक फुकटची सोयही मिळते. दगड घ्यायच्या आधी हात बसवायचा असेल तर काचवाल्याकडून जाड काचेचा तुकडा कडा घासून आणा, त्यावर पी ६०० आणि पी २००० चे वॉटर पेपर पाण्याने चिकटवा आणि साध्या सुरीवर सराव करा. फक्त सुरी नेहमी मागे ओढायची, धार पुढे ढकलली की कागद फाटतो. शंभर रुपयांत दोन महिने शिकता येतं. भावाने आणलेल्या सुरीवर पहिला धडा गिरवू नका.

दगड कशाचा, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे धारेच्या दगडाला निसणा म्हणत, आणि त्यात घालायचा कण म्हणजे कुरुंद. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द दक्षिणेतल्या याच घराण्यातून तिकडे गेला; संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम. रसायनाच्या भाषेत ते ॲल्युमिनियम ऑक्साइड. दुसरा कण सिलिकॉन कार्बाइड, तो काळा. एडवर्ड ॲचिसन नावाचा अमेरिकन १८९१ साली कृत्रिम हिरे करायला गेला आणि भट्टीत हे मिळालं. कार्बन आणि कुरुंद यांचं मिश्रण झालं अशा समजुतीने त्याने नाव ठेवलं कार्बोरंडम. प्रत्यक्षात त्यात कुरुंद औषधालाही नाही, पण नाव राहिलं, आणि नागदेवीवर आजही काळ्या दगडाला तेच म्हणतात. मुंबईचा या धंद्याशी संबंध जुना आहे. ग्राइंडवेल नावाची ग्राइंडिंग व्हीलची कंपनी १९४१ साली सुरू झाली ती समोरच्या किनाऱ्यावर, उरणजवळच्या मोऱ्याला. भाऊच्या धक्क्यावरून लाँच जाते तेच मोरा. टूलरूममधली आमची निम्मी चाकं तिथली असायची.

मोह्स नावाच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर कुरुंद ९, सिलिकॉन कार्बाइड त्याच्या किंचित वर, हिरा १०. तुमच्या तिन्ही प्रकारच्या पात्यांना कुरुंद आणि कार्बोरंडम पुरतात. बाजारातली साधी स्टीलची सुरी मऊ असते. पोलादाचा कठीणपणा रॉकवेल या वेगळ्या मोजणीत सांगतात; जर्मन धाटणीच्या स्वयंपाकाच्या सुऱ्या त्यात ५६ ते ५८, आणि व्हीजी-१० साधारण ६० ते ६१. हिरा खरोखर लागतो तो व्हॅनेडियम हा धातू भरपूर असलेल्या पोलादांना. त्यांच्यातले व्हॅनेडियम कार्बाइडचे कण कुरुंदापेक्षाही कठीण असतात, त्यामुळे कुरुंदाचा दगड त्यांच्या भोवतीचं पोलाद खातो आणि कण तसेच ठेवतो. महागड्या घडीच्या चाकूंमध्ये अशी पोलादं असतात. तुमच्या स्वयंपाकघरात नाहीत.

मग डायमंड प्लेट घ्यायचीच नाही का? वाईट नाही ती. भिजवावी लागत नाही, मध्ये खड्डा पडत नाही, आणि सिंकशेजारी वीतभर जागा असलेल्या आपल्या घरांत हा फार मोठा गुण आहे. पण तिच्यावर हिऱ्याचा एकच थर निकेलने बसवलेला असतो. जोर दिला की कण उपटून जातात आणि नवशिका जोर देतोच. शिवाय सुरुवातीच्या काही वापरांत ती छापील नंबरापेक्षा जास्त खरवडते. दोन वर्षांनी हात हलका झाला की ४०० नंबरची एक घ्या. टवके काढायला आणि वॉटर स्टोन सपाट करायला, दोन्हीला उपयोगी पडेल.

कार्बोरंडमचा दगड आणायला मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला जा. दुकानदाराला "एक साइड जाडा, एक साइड बारीक" म्हटलं की तो आठ इंची दगड पुढे ठेवेल. तो न बघता घेऊ नका. खिशात स्टीलची पट्टी ठेवा, दगडावर आडवी-उभी-तिरपी धरा आणि खालून उजेड येतो का बघा. जोडदगड बऱ्याचदा भट्टीत वाकलेले असतात. तीन-चार बघितल्यावर एक सरळ मिळतो. दोन बोटांत लोंबता धरून नखाने टिचकी मारा. अखंड दगड वाजतो, चिरलेला ठस्स आवाज करतो. फुटकं मडकं ओळखायची आपली जुनीच पद्धत. या दगडाची बारीक बाजूसुद्धा खरं तर जाडीच असते. विळीला आणि साध्या सुऱ्यांना ती पुरे, जपानी सुरीला फक्त टवक्यांसाठी.

कार्बोरंडमवर तेल घालायचं की पाणी, यावर माझ्या ओळखीचे दोन मिस्त्री वीस वर्षं भांडतायत. माझं मत: पाणी, आणि त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. तेल एकदा घातलं की दगड तेलाचाच होऊन बसतो, नंतर पाणी धरत नाही. घालायचंच तर शिवणयंत्राचं तेल किंवा केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं मुळीच नको. ते चिकट होऊन दगडाची छिद्रं बुजवतं आणि दगड पोलाद खायचा थांबतो. असे 'म्हातारे' झालेले दगड माझ्याकडे नेहमी येतात. बहुतेक नुसते तुंबलेले असतात.

आता वॉटर स्टोन. यांत दोन जाती आहेत आणि दुकानात हे कुणी सांगत नाही. एक जात तहानलेली: दहा-पंधरा मिनिटं बादलीत बुडवायची, बुडबुडे थांबले की तयार. दुसरी जात वरून दोन चमचे पाणी शिंपडून लगेच वापरायची. या दुसरीतल्या काही दगडांचे कण मॅग्नेशियाच्या सिमेंटने बांधलेले असतात, आणि ते पाण्यात पडून राहिले की बांधणीच सैल होते. माझा एक असा दगड मी रात्रभर बादलीत ठेवला आणि सकाळी पंख्याखाली वाळवला. दोन दिवसांत त्यावर कोरड्या तळ्यासारख्या भेगा. खोक्यात कागद होता, जपानी म्हणून मी तो न बघताच बाजूला ठेवला होता; चित्रात बादलीवर फुली मारलेली होती. तुम्ही शिंपडायच्या जातीचाच हजार नंबर घ्या. ऑफिसातून आल्यावर पंधरा मिनिटं भिजवायचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की सुरी बोथटच राहते. वापरून झाला की उभा करून सावलीत वाळवा. खिडकीच्या उन्हात नको, गॅसजवळ तर नाहीच. पावसाळ्यात त्याला पुरता सुकायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर प्लास्टिकच्या डब्यात बंद करू नका, बुरशी धरते.

वॉटर स्टोन मऊ असतो, म्हणून तो लवकर कापतो आणि लवकर झिजतो. मध्ये खळगा पडला की कोन बिघडतो. चार-पाच वापरांनंतर दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा, त्या काचेवर १२० चा वॉटर पेपर पसरा, पाणी टाका आणि दगड घासा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट. घासताना दगडावर काळं पाणी जमतं, ते लगेच धुऊन टाकायचा मोह होतो. राहू द्या. त्यात पोलाद आहे तसे दगडाचे सुटे कणही आहेत, तेही काम करतात.

कोन. तुमच्या सुरीला दर बाजूने १५ अंश, साध्या सुऱ्यांना २०, विळीला २०–२५. अंश डोळ्यांनी दिसत नाहीत, मिलीमीटर दिसतात. पातं टाचेजवळ ४५ मिलीमीटर रुंद असेल तर १५ अंशाला सुरीची पाठ दगडापासून साडेअकरा मिलीमीटर उचललेली हवी. २० अंशाला जवळपास साडेपंधरा. पट्टी लावून एकदा बघा, हाताला आठवण राहते. आणि धारेच्या पट्टीवर काळ्या मार्करने रेघ मारून दोन वेळा ओढा. शाई फक्त वरून गेली तर पाठ खाली आहे, फक्त धारेवरून गेली तर पाठ जास्त उचलली आहे, पूर्ण गेली तर जमलं. कोन जरा चुकला तरी चालेल, पण प्रत्येक ओढीला वेगळा नको.

टवक्यांचं म्हणाल तर ते आधी मोजा. केसाएवढे असतील तर त्यांच्या मागे लागू नका, पुढच्या पाच-सहा वेळच्या धारेत ते आपोआप निघून जातील. नखाला ठळक अडकत असतील तर कार्बोरंडमच्या बारीक बाजूवर पाणी घालून, अजिबात जोर न देता खाली आणा आणि मग हजारवर या. पण ते उडाले कशाने हे जास्त महत्त्वाचं. मला विचाराल तर लाल भोपळा. कठीण पोलादाची पातळ सुरी भोपळ्यात अडकली की आपण ती पिळतो, आणि धार दाबाला टिकते पण पिळाला टिकत नाही. सुरण आणि भोपळा आईच्या विळीवर जाऊ द्या, नारळाच्या तर जवळही सुरी नेऊ नका. आणखी एक: स्टीलच्या ताटात किंवा थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर कांदा चिरायची सवय घरात कुणाला असेल तर दगडाआधी लाकडी पाट घ्या. नाहीतर महिन्याची धार दोन मिनिटांत जाईल.

बर आल्यावर ती घालवायची कशी? इथे पट्टा येतो, आणि इथेच त्याच्याबद्दलचे गैरसमजही. दगडावरच शेवटच्या ओढी हलक्या करत न्या: दोन्ही बाजूंनी पाच-पाच, मग तीन-तीन, मग एकेक आलटून पालटून, शेवटच्या तर फक्त सुरीच्या वजनाने. बर जवळपास तिथेच सुटते. उरलेला कचरा पट्टा झाडून नेतो. पट्टा म्हणजे केरसुणी, दगड नव्हे. ज्याने दगडावर बर सोडवली नाही तो पट्ट्यावर पन्नास वेळा सुरी घासतो, बर सरळ उभी राहते, कागद झकास कापला जातो, आणि दुसऱ्या दिवशी दोन टोमॅटोंत ती उभी बर आडवी होते. मग म्हणतात दगड खोटा निघाला.

लहानपणी न्हाव्याकडे खुर्चीला बांधलेला चामड्याचा पट्टा आणि त्यावर सपसप फिरणारा वस्तरा पाहिलेली माणसं तसाच पट्टा सुरीला मागतात. वस्तऱ्याची गोष्ट वेगळी. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही पट्ट्यावर टेकतात, म्हणून कोन घडवतानाच ठरलेला असतो, न्हाव्याला तो धरावा लागत नाही. सुरीची पाठ हवेत असते. लोंबत्या पट्ट्यावर ती ओढली की चामडं झोल खातं, धारेभोवती वर येतं आणि कमावलेलं टोक गोल करून टाकतं. सुरीला पट्टा हवा तो लाकडावर चिकटवलेला, टणक, पातळ. ज्यांच्या घरी चालतं त्यांनी धारावीतल्या चामड्याच्या दुकानांतून कमरपट्ट्याच्या चामड्याचा दोन-तीन मिलीमीटरचा तुकडा मागावा. पर्सचं मऊ चामडं नको. पण पावसाळ्यात चामड्यावर बुरशी येते, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

तुमच्याकडे आईचं म्हणणं आहे तेव्हा प्रश्नच मिटला, आणि धारेच्या दृष्टीने तुमचं काही बिघडत नाही. एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा) किंवा आर्किटेक्चरचे विद्यार्थी मॉडेलला वापरतात त्या बाल्सा लाकडाचा सपाट तुकडा घ्या, अडीच इंच रुंद, दहा इंच लांब. त्यावर एक मायक्रॉनची डायमंड पेस्ट तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढी टिपके टिपके लावून बोटाने जिरवा. डाय पॉलिशिंगसाठी ही पेस्ट छोट्या सिरिंजमध्ये मिळते, नागदेवीवरच विचारा. लाकूड चामड्याइतकं दबत नाही, त्यामुळे धार सहसा गोल होत नाही. नवशिक्याला मी चामड्याआधी हेच देतो. हिरवी वडी म्हणजे मुख्यतः क्रोमियम ऑक्साइड, कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, बाजारातल्या वड्यांत बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडही मिसळलेलं. ती मऊ सुऱ्यांना छान चालते. लावताना खडूसारखी एकदाच फिरवायची, लोण्यासारखी थापायची नाही. लाल वडी सोनारांना लागते, पोलादावर तिचा हात फार हळू चालतो. आणि काहीच नसेल तर वर्तमानपत्राचा कागद दगडाभोवती घट्ट गुंडाळा आणि त्यावर सहा-आठ वेळा ओढा. हसू नका, करून बघा.

फळीवर सुरी नेहमी पाठीच्या दिशेने ओढायची, धार मागे. दर बाजूला पाच-सहा ओढी पुरेत. जोराचा अंदाज येत नसेल तर फळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून ओढा; काटा दोनशे ग्रॅमच्या वर जात असेल तर तुम्ही धार घासत नाही, चेपताय. ओढीच्या शेवटी मनगट वळवून सुरी उचलायची सवय मोडा. सरळ थांबा, मग उचला. पंधरवड्याला एकदा एवढं केलं तर हजारचा दगड तीन महिन्यांतून एकदा काढावा लागेल.

धार लागली का हे हातावरचे केस कापून पाहू नका. केस कच्च्या बरीनेही कापले जातात. पिकलेला टोमॅटो पाटावर ठेवा, सुरी त्याच्या सालीवर नुसती टेकवा आणि स्वतःच्या वजनाने मागे ओढा. टाचेजवळ, मध्ये आणि टोकाजवळ, तिन्ही ठिकाणी बघा. जिथे घसरेल तिथे दगडावर परत.

विळीचं वेगळं. ती दगडावर नेता येत नाही, दगड तिच्याकडे न्यावा लागतो. पाटावर पाय ठेवून विळी नीट रोवा, वरच्या खवणीच्या दात्यांवर जाड फडकं बांधा, आणि कार्बोरंडमची एखादी हातात मावणारी कांडी ओली करून पात्याच्या वळणाबरोबर खालून वर, धारेपासून दूर फिरवा. बोटं कांडीच्या मागे, पात्याच्या रेषेत कधीच नाहीत. दोन्ही बाजूंनी बारीक दाते राहिले की विळी खूश. तिला फळीबिळी काही नको. लोखंडी पात असेल तर धुतल्यावर लगेच पुसा आणि खोबरेलाचं बोट फिरवा. दगडावर नको म्हटलेलं खाद्यतेल इथे मात्र चालतं.

राहिला धारवाला. त्याच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, पायाने चाक फिरवत चौथ्या मजल्यापर्यंत हाक पोहोचवणं सोपं नाही. पण त्याचं चाक जाडं असतं, तो कोन अंदाजाने धरतो, आणि कोरड्या चाकावर पातळ टोक तापतं. पोलादावर निळी छटा दिसली म्हणजे तिथली उष्णता ३०० अंशांच्या आसपास पोहोचली, त्या जागेचं पाणी उतरलं, आणि तेवढा भाग मऊ झाला. मग घरात कितीही घासा, तिथे धार टिकत नाही. विजेच्या मोटरवाल्या ग्राइंडरवर तर हे क्षणात होतं. जपानी सुरी त्याला देऊ नका. विळी, कात्री आणि ती एक साधी सुरी खुशाल द्या. फक्त तो चाक फिरवत असताना शेजारी उभे राहा, मध्येमध्ये पातं पाण्यात बुडवतोय का बघा, आणि त्याच्याकडे पाणी नसेल तर वरून एक तांब्या नेऊन द्या.